आधी अँटेना काढून बघा

आरटीएल-एसडीआर डोंगल विकत घेतलेल्या माणसाचा पहिला आठवडा ड्रायव्हरशी भांडण्यात जातो आणि पुढची बरीच वर्षं स्वतःच्याच घराशी. मी पुण्यात राहतो. या छंदात जुना आहे, त्यामुळे ‘सगळं जोडलं, पण काही येतच नाही’ म्हणणारी मंडळी लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याकडे येतात. त्यांत इंजिनिअरिंगची मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले असतात, हौशी रेडिओच्या परीक्षेची तयारी करणारे असतात. बहुतेकांनी तोवर पडद्यावरचं प्रत्येक बटण फिरवून झालेलं असतं. दोष मात्र बटणांत क्वचित सापडतो. आणि दुसरं म्हणजे, पडद्यावर उमटलेली प्रत्येक रेघ बाहेरूनच आलेली असते, असंही नाही.

या डोंगलचा जन्म टीव्हीसाठी झाला. रिअलटेकची आरटीएल2832यू ही चिप डिजिटल टीव्हीचे कार्यक्रम संगणकावर दाखवण्यासाठी होती. ती कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते हे 2012च्या सुमारास जगासमोर आलं आणि टीव्हीचं खेळणं रेडिओ झालं. सोबत आर820टी2 ट्यूनर असला की साधारण 24 ते 1766 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकता येतं. मात्र नमुने 8 बिटचे असतात. म्हणजे अगदी क्षीण आणि अगदी बलवान सिग्नल एकाच वेळी पेलायची ताकद जेमतेम 50 डेसिबल. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ या आकड्यात आहे.

ड्रायव्हरचं चटकन सांगतो. विंडोज आपणहून टीव्हीचा ड्रायव्हर चढवतं. तो बदलायला झॅडिग वापरायचं आणि यादीतून ‘बल्क-इन, इंटरफेस झिरो’ हेच नाव निवडायचं. त्या यादीत माऊस आणि कीबोर्डही दिसू शकतात. एका गृहस्थांनी घाईत माऊसवरच तो ड्रायव्हर चढवला आणि मग बिचारे टॅबचं बटण दाबत दाबत डिव्हाइस मॅनेजरपर्यंत पोहोचले. लिनक्सवर कर्नल टीव्हीचं मॉड्यूल स्वतःच लोड करून डोंगल अडवून बसतं. ते ब्लॅकलिस्ट करावं लागतं. आणि 2023 साली आलेला व्ही4 घेतला असेल, तर त्याच्यासाठीचा नवा ड्रायव्हरच हवा. त्यातला ट्यूनर वेगळा आहे. जुन्या ड्रायव्हरवर प्रोग्राम सुरू होतो, पडद्यावरचा पट्ट्यांचा आलेख (वॉटरफॉल) सरकत राहतो, पण डोंगल ठार बहिरा.

हे झालं की पहिला सिग्नल ओळखीचा घ्या. पुण्यात आकाशवाणीचं 101 मेगाहर्ट्झ आहे, तुमच्या गावातही एखादं एफएम असेल. तिथे गाणं स्वच्छ वाजलं म्हणजे यूएसबी, ड्रायव्हर, प्रोग्राम आणि साउंड कार्ड अशा चार गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. लोक नेमकी ही पायरी गाळतात आणि पहिल्याच संध्याकाळी उपग्रह पकडायला गच्चीवर जातात.

एफएम वाजतं, पण त्याहून क्षीण काहीच येत नाही, असं असेल तर कनेक्टर बघा. एका कॉलेजच्या मुलांनी 1090 मेगाहर्ट्झवर विमानांचे संदेश घ्यायची तयारी केली होती. अँटेना नवी, प्रोग्राम बरोबर, पण नकाशावर एकही विमान नाही. अँटेना वाय-फाय राउटरची होती, बाजारात ‘एसएमए’ म्हणून मिळालेली. तिचे आटे डोंगलवर व्यवस्थित बसतात. पण राउटरच्या अँटेनांना बहुधा उलट्या जातीचा, आरपी-एसएमए कनेक्टर असतो. मधली पिन असायला हवी तिथे भोक. डोंगलच्या बाजूलाही भोक. भोकाला भोक लागलं, संपर्क शून्य. जवळचं बलवान एफएम तेवढं तसंही झिरपून आत येतं, म्हणून सगळं ठीक असल्याचा भास होतो. “सर, पण घट्ट बसली होती हो,” असं त्यातला एक जण म्हणाला. घट्ट बसण्याचा इथे काही संबंध नाही. बुधवार पेठेत घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला, दुकानातच कनेक्टरच्या तोंडात डोकावून पिन बघा. घरी मल्टिमीटरने केबलची मधली तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा आणि ती बाहेरच्या जाळीला कुठे टेकत नाही ना, तेही पाहा.

आता गोंगाट. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाही हवा.

पडद्यावर अनोळखी रेघ दिसली की प्रोग्राम चालू ठेवून अँटेना काढा. रेघ जागच्या जागी राहिली, तर ती डोंगलची किंवा संगणकाची आहे. बाहेर शोधण्यात अर्थ नाही. डोंगलमधला स्फटिक 28.8 मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या पटींवर सरळ, निश्चल रेघा उमटतात. पाचपट करा : 144.0. हौशी रेडिओचा दोन मीटरचा पट्टा आपल्याकडे तिथूनच सुरू होतो, आणि कोणीतरी सतत कॅरिअर दाबून बसलंय अशी तक्रार घेऊन नवा माणूस येतो. काही रिसीव्हरांत पडद्याच्या बरोबर मध्यावर एक टोकदार सुळका असतो, हॅकआरएफमध्ये हमखास. तुम्ही ट्यून कराल तिथे तो येतो, म्हणजे तो तुमचाच. थोडं बाजूला ट्यून करून ऐका, विषय संपला.

अँटेना काढल्यावर रेघ गेली, तर ती हवेतून येते आहे. पण हवेत म्हणजे कुठे? बहुधा तुमच्याच हॉलमध्ये. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. मग राउटर, सेट-टॉप बॉक्स, फोनचे चार्जर, एकेक बंद करत जा. स्विचिंग वीजपुरवठ्याचा गोंगाट ओळखू येतो : ठरावीक अंतरावर पसरट, धूसर पट्ट्यांची रांग, हळूहळू सरकणारी. शेवटी घराचा मेन स्विच खाली करा. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा मी बाकीची कामं बाजूला ठेवून बॅटरीवर पट्टा तपासतो. सगळी आळी गप्प असताना गोंगाटाची पातळी किती खाली जाते ते एकदा बघाच. मात्र शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर चालू झाले की त्यांतले काही नवीनच सूर लावतात.

आमच्या सोसायटीत एक गोंगाट रोज संध्याकाळी त्याच ठोक्याला उगवायचा आणि पहाटे मावळायचा. वेळेवर येणारा गोंगाट म्हणजे टायमर, आणि टायमरवर आमचे जिन्यातले एलईडी. सेक्रेटरींना म्हटलं, “दोन मिनिटं जिन्यातले दिवे बंद करून बघू का?” ते म्हणाले, “अहो, रेडिओसाठी दिवे बंद?” केले बंद, आणि पडदा स्वच्छ झाला. स्वस्त दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये गाळणीचे घटक वाचवलेले असतात. दोन मजल्यांवरचे दिवे बदलले, आणि माझ्या बाजूला केबलवर फेराइटचं कडं चढवून त्यातून चार-पाच वेढे घेतले. हातात धरायचा साधा मीडियम वेव्हचा रेडिओ केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून घरभर फिरलात, तरी गुन्हेगार सापडतो. त्याला लॅपटॉप लागत नाही.

हे हौशी लोकांचंच दुखणं आहे असं समजू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. ती जागा निवडताना मानवी गोंगाट कमी असणं हा एक निकष होता. तिथे गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात आणि ते बरोबरच आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. सिग्नल खरा असतो, पण दिसतो तिथे नसतो. शहरात एफएम केंद्रं इतकी बलवान असतात, की डोंगलचा पहिला टप्पा त्यांनीच भरून जातो आणि त्यांची आपापसांत बेरीज-वजाबाकी होऊन भुतं तयार होतात. उदाहरण घ्या. 101ची दुप्पट 202, त्यातून 91.1 वजा केले की 110.9. त्या जागी कोणतंही गाण्याचं केंद्र नाही, तरी तिथे फाटक्या आवाजात गाणं ऐकू येऊ शकतं. भूत ओळखायची कसोटी सोपी आहे. केबलमध्ये 10 डेसिबलचा अॅटेन्युएटर घाला. खरा सिग्नल 10ने उतरतो. असं भूत जवळपास 30ने कोसळतं. उपाय म्हणजे 88 ते 108 अडवणारा फिल्टर. शहरात राहणाऱ्याने दुसऱ्या महागड्या डोंगलच्या आधी हा फिल्टर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

याच कारणासाठी गेनही, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा तो आकडाही, जपून लावायचा. काही येत नाही म्हणून तो शेवटच्या टोकाला, 49.6ला, नेऊन ठेवायची सगळ्यांना सवय. वरातीत बँडवाल्यांच्या शेजारी उभं राहून श्रवणयंत्राचा आवाज पूर्ण वाढवला, तर काय ऐकू येईल? खालून वर या. गेन वाढवताना सिग्नल गोंगाटापेक्षा जास्त उंचावतोय तोवर वाढवा. दोन्ही बरोबरीने चढायला लागले की थांबा आणि एक पायरी मागे या. ऑटोवर भरवसा ठेवू नका. त्याला तुमचा क्षीण सिग्नल आणि शेजारचं एफएम यांतला फरक कळत नाही.

वारंवारता सरकलेली असणं हा त्या मानाने निरुपद्रवी दोष. साध्या स्फटिकाची चूक 50 पीपीएम धरली, तर 137 मेगाहर्ट्झवर सिग्नल जवळपास 7 किलोहर्ट्झ बाजूला दिसतो आणि 1090वर 54. डोंगल अर्धा तास तापू द्या, मगच दुरुस्तीचा आकडा भरा. एक पीपीएमचा टीसीएक्सओ असलेला डोंगल घेतलात तर हा प्रश्नच फारसा उरत नाही. उष्णतेचा मात्र उरतो. मे महिन्यात गच्चीवरच्या बंद डब्यात ठेवलेला डोंगल दीड गिगाहर्ट्झच्या वर वारंवारतेवरची पकड (पीएलएल लॉक) सोडून देतो. सावली आणि धातूचं आवरण दिलं की सुधारतो.

कधी कधी आपल्या यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. जुनी मार्गदर्शनं वाचून लोक अजून 137.620, 137.9125 आणि 137.100वर अमेरिकेच्या नोआ या हवामान उपग्रहांची टिकटिक शोधत बसतात. नोआ-18 जून 2025 मध्ये बंद केला, नोआ-19 आणि नोआ-15 त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. ते आकाशात फिरताहेत, पण बोलत नाहीत. एका मुलाने त्यांच्यासाठी अँटेना पुन्हा पुन्हा बांधली, डोंगल बदलला, प्रीअॅम्प्लिफायर मागवला. त्याची मूळ व्ही-डायपोल अँटेना, प्रत्येकी 53 सेंटिमीटरचे दोन दांडे 120 अंशांत, पहिल्यापासून बरोबर होती. तीच अँटेना रशियाच्या मेटिऑर-एम एन2-3 आणि एन2-4 साठी चालते. त्यांचे संकेत डिजिटल आहेत, कानाला नुसती खरखर वाटते, चित्र सॅटडंप काढून देतं. तेव्हा काही शोधायला बसण्याआधी ते आज प्रसारित होतंय का, हे बघा. आणि उपग्रहांच्या कक्षांची माहिती ताजी करून घ्या; महिनोन्‌महिने जुन्या माहितीवर वेळ चुकते.

केबलबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की टीव्हीची 75 ओहमची आरजी-6 चालत नाही. चालते. जुळत नसल्याचा तोटा डेसिबलच्या पाचव्या भागाइतकाही नसतो. उलट 50 ओहमची म्हणून घेतलेली आरजी-58 एक गिगाहर्ट्झजवळ पाच-सहा मीटरमध्ये निम्मी शक्ती खाते. पावसाळ्यापूर्वी गच्चीवरचे सांधे आपोआप एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते तांबं खातं. जाळीत एकदा पाणी शिरलं की ती केबल कापून टाकण्यावाचून इलाज नाही. वळवाचे ढग जमू लागले की केबल डोंगलपासून काढून ठेवा.

महाग पडणाऱ्या दोन गोष्टी. बायस-टी, म्हणजे केबलमधूनच अँटेनाकडे वीज पाठवायची सोय, चालू करण्याआधी अँटेनाची मधली तार आणि जाळी यांच्यात सरळ जोड आहे का, ते मीटरने पाहा. लूप आणि फोल्डेड डायपोलमध्ये तो असतो आणि त्यावर वीज सोडली की शॉर्ट होतं. आणि हॅकआरएफच्या अँटेनाशेजारी वॉकी-टॉकी दाबू नका. त्याची सहनशक्ती उणे 5 डीबीएम, म्हणजे मिलिवॉटच्या तिसऱ्या भागाएवढी. हातातला सेट पाच वॉट सोडतो. पुढचा अॅम्प्लिफायर आवाज न करता जातो. हॅकआरएफने प्रसारणही करता येतं, पण हौशी रेडिओचा परवाना हातात आल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका, आणि परवाना आल्यावरही आपल्या पट्ट्याबाहेर जाऊ नका.

कोणाकडे मदत मागायला जाल, तेव्हा अँटेना लावून आणि काढून घेतलेली पडद्याची दोन चित्रं न्या. त्यांच्यावर वारंवारता, गेनचा आकडा, केबलचा प्रकार आणि लांबी, दिवसाची वेळ लिहा. एवढं असलं की निम्मं निदान फोनवरही होतं.