जॅकचा रॉड आणि हातातलं फडकं

हायड्रॉलिक्सच्या पेपरात आपण सिलिंडर काढतो तो कोऱ्या कागदावर. स्केलने चार रेघा मारायच्या, पिस्टन दाखवायचा, दोन बाण काढायचे, झाले मार्क पक्के! खऱ्या सिलिंडरच्या नशिबी मात्र माती, चिखल आणि धसकटं असतात. सदरहून छिंदवाडा रोडने सावनेरकडे जाताना एखादी टिपिंग ट्रॉली रिकामी होताना दिसली, तर जरा थांबून बघा. ट्रॉलीखालचा तो सिलिंडर, ज्याला मिस्त्री लोक 'जॅक' म्हणतात, त्याचा रॉड किती उघड्यावर असतो ते लक्षात येईल.

हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, म्हणून ट्रॅक्टर आपल्या नागपूरकरांच्या घरचाच. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत मागच्या लिफ्टचा सिलिंडर हाउसिंगच्या आत, तेलातच असतो. त्याला धुळीची भीती कमी. उघडे असतात ते ट्रॉलीचा जॅक, पलटी नांगराचा सिलिंडर, लोडरचे सिलिंडर आणि पॉवर स्टिअरिंगचा सिलिंडर. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी थोडं गणित. बोअर 100 मि.मी. आणि दाब 150 बार धरा. क्षेत्रफळ 78.5 चौ. सें.मी., म्हणजे बल सुमारे 118 किलोन्यूटन, साध्या भाषेत 12 टन. इतका दाब बाहेर निसटू न देण्याचं काम करतं एक छोटंसं सील, आणि ते ज्या रॉडवर घासतं त्यावर हार्ड क्रोमचा थर असतो साधारण 20 ते 30 मायक्रॉन. आपला केस सुमारे 70 मायक्रॉन जाड. म्हणजे सगळी मदार केसाच्या निम्म्याहून कमी जाडीवर!

रॉड जिथून आत जातो तिथे सगळ्यात बाहेर 'वायपर' असतो. रॉड आत येताना त्याच्यावरची धूळ पुसून काढणं हे त्याचं काम. पण वायपरची कड उन्हाने कडक झाली किंवा फाटली, की धूळ सरळ आत. कन्हानच्या वाळूतल्या क्वार्ट्झची कठिणता मोह्सच्या मापावर 7. असा कण मऊ सीलमध्ये रुतून बसला, की सीलच पॉलिश पेपर होतं आणि दर फेरीला रॉड घासत राहतं. रॉडवर ओरखडा पडला, की तो नवीन टाकलेलं सीलही कापतो. म्हणूनच काही ठिकाणी नुसतं सील किट बदलतात आणि पंधरा दिवसांत गळती पुन्हा सुरू होते. दोष किटचा नसतो, ओरखड्याचा असतो.

आपल्या काळ्या मातीचं वेगळंच. ओली असताना चिकटते, वाळली की दगड. रात्रभर रॉड बाहेर ठेवला, तर सकाळी तो वाळलेला पापुद्रा वायपरला फाडतच आत जातो. पऱ्हाटीची धसकटं रॉडला टोचे पाडतात, आणि पोटॅश खतातल्या क्लोराइडमुळे क्रोमच्या बारीक भेगांतून गंज शिरतो.

मग कुणी म्हणेल, रबरी भाता चढवून टाकू, झंझटच नको! इथेच फसगत होते. भाता फाटला की आत पाणी आणि माती साचते, बाहेर पडायला वाट नसते, आणि रॉड गंजतोय हे दिसतही नाही. भाता लावलाच, तर तो उघडून बघायची सवय हवी. दगड आणि धसकटं यांच्यासाठी पत्र्याचा गार्ड किंवा जुन्या कन्व्हेअर बेल्टचा झुलता पट्टा बरा. तो फ्रेमला बोल्टने लावावा आणि खालून माती गळून पडेल एवढी जागा सोडावी. सिलिंडरच्या नळीवर वेल्डिंग कधीच करू नये, नळी आतून वाकडी होते. जवळपास वेल्डिंग असेल तर रॉड झाकावा, आणि अर्थिंग अशी जोडावी की करंट सिलिंडरमधून जाणार नाही.

रोजची कामं साधी आहेत :

1. ट्रॅक्टर उभा करताना शक्यतो रॉड आत घ्यावा. सिलिंडरची नळी हेच रॉडचं सगळ्यात चांगलं कव्हर.

2. काम संपल्यावर माती ओली असतानाच स्वच्छ फडक्याने रॉड पुसावा. रॉडवर ग्रीस फासू नये, त्यावर धूळ बसते. ग्रीस पिनांसाठी आहे.

3. धुताना प्रेशरचा फवारा सीलच्या तोंडावर मारू नये.

4. रॉडवरून नख फिरवावं. नख अडकलं तर सील बदलण्याआधी रॉड दुरुस्त करावा. बारीक उंचवटा तेलाच्या दगडाने जातो, खोल ओरखड्याला पुन्हा क्रोम लागतं.

5. होज काढला की कपलरला टोपी लावावी. मातीत लोळलेला कपलर तसाच जोडला, की घाण थेट तेलात. अनेक ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्टला एकच तेल असतं, म्हणजे ट्रॉलीची घाण गिअरबॉक्सपर्यंत. 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण डोळ्यांना दिसत नाही, व्हॉल्व्हमधली फट त्याहून कमी असते. तेव्हा 'तेल तर स्वच्छ दिसतंय' याला अर्थ नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. रॉड बघायला उचललेल्या ट्रॉलीखाली कधीही नुसतं जॅकच्या भरवशावर शिरू नका. आधी मजबूत लोखंडी टेकू लावा. होज फुटला तर पळायला वेळ मिळत नाही. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो, नाहीतर बोट किंवा हात गमवायची वेळ येते.

दिवाळीत गावी जाल तेव्हा घरच्या नाहीतर शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरचा रॉड एकदा पुसून, नख फिरवून बघा. ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर काय होतं, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. एक फडकं आणि दोन मिनिटं, एवढ्यावर ते टळत असेल, तर आपल्या चार वर्षांच्या इंजिनिअरिंगची सुरुवात तिथूनच करायला काय हरकत आहे?