कायदा, नियम आणि अध्यादेश

भारतीय संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दाचा आवाका सांगताना अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम आणि अधिसूचना यांची नावे एका ओळीत आली आहेत. कायद्याचे बळ असलेल्या रूढी व परिपाठ यांनाही त्यांच्या पंक्तीस बसविले आहे. मूलभूत हक्कांवर गदा आणणारे फर्मान कोणत्याही नावाने निघाले, तरी ते न्यायालयाच्या तपासणीतून सुटू नये, हा या यादीमागील हेतू होय. परंतु हे शब्द शेजारी शेजारी आले म्हणून त्यांची प्रतिष्ठा सारखी ठरत नाही.

संसद किंवा राज्याचे विधिमंडळ संमत करते तो अधिनियम. त्याने दिलेल्या अधिकारात सामान्यतः सरकार नियम करते, विद्यापीठासारखी संस्था विनियम करते आणि नगरपालिका उपविधी करते. नियम अधिनियमाच्या कक्षेबाहेर गेला, तर तेवढ्यापुरता तो निरर्थक ठरतो. शासन निर्णय आणि परिपत्रक यांचा दर्जा त्याहून खालचा; नियमांतील रिकाम्या जागा त्यांनी भराव्यात, नियमच बदलू नयेत. (कचेरीच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला मात्र अधिनियमापेक्षा परिपत्रकाचाच अनुभव अधिक येतो.) नावावरूनही नेहमी दर्जा कळतो असे नाही. नगरपालिकेच्या उपविधींना कायद्याचे बळ असते; सहकारी संस्थेच्या नियमावलीलाही ‘उपविधी’च म्हणतात, पण ती सभासदांमधील करारासारखी मानली जाते.

भारतीय भाषांत तर या शब्दांनी मोठी अदलाबदल केलेली आढळते. मराठीतील ‘कायदा’ हा मूळचा अरबी शब्द, आणि त्याच अरबी शब्दाचे अनेकवचन मराठीत ‘कवाईत’ होऊन शिपायांच्या मैदानावर जाऊन पोहोचले. हिंदी व्यवहारात रुळलेला ‘कानून’ अरबीत ग्रीकमधून गेला. बंगालीने फारसी ‘आईन’ जवळ केला. ‘आईन-ई-अकबरी’ या ग्रंथनामातील पहिला शब्द तोच. संस्कृत शब्दांचीही हीच गत. हिंदीत ‘विधि’ म्हणजे कायदा, तर बंगालीत ‘विधि’ म्हणजे नियम. मल्याळममध्ये ‘नियमम्’ म्हणजेच कायदा. म्हणून केरळच्या विधानसभेस ‘नियमसभा’ म्हणतात. तमिळ व तेलुगू भाषांत कायद्यासाठी जो ‘चट्टम्’ किंवा ‘सट्टम्’ हा शब्द आहे, तोच मल्याळममध्ये नियमाच्या जागी वापरला जातो. एका प्रांतातील राजपत्र दुसऱ्या प्रांताच्या भाषेत उतरविताना केवळ ओळखीच्या शब्दावर विसंबणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

शब्दाचे वजन काळानुसारही बदलते. आज ‘विनियम’ हा अधिनियमाच्या छायेत राहणारा दुय्यम प्रकार आहे. कंपनी सरकारच्या काळात मात्र ‘रेग्युलेशन’ हाच मुख्य कायदा होता. ‘अ‍ॅक्ट’ हे नाव 1833 च्या सनदी कायद्यानंतर रूढ झाले. जुनी रेग्युलेशने त्यानंतरही जिवंत राहिली. 1897 मध्ये पुण्याच्या सरदार नातू बंधूंना कोणताही खटला न चालविता स्थानबद्ध करण्यात आले, ते सत्तर वर्षांपूर्वीच्या, म्हणजे 1827 च्या, मुंबई इलाख्याच्या रेग्युलेशनच्या आधारे.

अध्यादेशाची कथा अधिक लांबते. 1861 च्या कायद्याने व्हाइसरॉयला अध्यादेश काढण्याचा अधिकार मिळाला; त्याची मुदत सहा महिने होती. संविधानाने राष्ट्रपती व राज्यपाल यांना हा अधिकार दिला तो विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसेल तेव्हापुरता. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश आपोआप संपतो. बिहारमध्ये तो संपू दिला गेला नाही. मुदत सरण्याच्या सुमारास तोच मजकूर नव्या अध्यादेशाच्या रूपाने पुन्हा काढावयाचा, असा तेथे प्रघात पडला. 1967 ते 1981 या काळात अशा रीतीने 256 अध्यादेश निघाले व त्यांतील कित्येक पुनःपुन्हा काढले गेले. उसाच्या खरेदीविषयीचा एक अध्यादेश तर जवळजवळ 14 वर्षे जगला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रे चाळून हा प्रकार उजेडात आणला आणि सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 20 डिसेंबर 1986 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या प्रघातास संविधानाची वंचना ठरविले. 2017 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठासमोर बिहारचेच अध्यादेश पुन्हा आले आणि बहुमताने तोच निष्कर्ष निघाला.

या सर्व प्रकारांना लागू होणारी एक अट एका किरकोळ खटल्यातून स्पष्ट झाली. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने 1923 मध्ये एक ठराव करून अफूविषयक कायदा केला. पण तो राजपत्रात छापला नाही, की अन्य मार्गाने लोकांना कळविला नाही. 1948 मधील एका घटनेवरून हरला नावाच्या इसमास या कायद्याखाली 50 रुपये दंड झाला. 1951 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालपत्रात असे प्रतिपादन केले की, ज्यांना कायदा पाळावयाचा आहे त्यांना तो कळण्याची वाजवी सोय झाल्याखेरीज तो अमलात येऊ शकत नाही. बंद दालनात झालेल्या ठरावाला कायद्याचे रूप येत नाही, असे ठरून हरला याची शिक्षा रद्द झाली.