उत्तरभागाचे समीक्षण : ‘क्रिश ३’ या चित्रपटाच्या निमित्ताने

प्रस्तावना

स्वतंत्र कलाकृतीचे समीक्षण आणि एखाद्या कलाकृतीच्या उत्तरभागाचे समीक्षण या दोन गोष्टी सारख्या नाहीत. उत्तरभाग आधीच्या कृतीकडून पात्रे, प्रसंग आणि प्रेक्षकांचे प्रेम उसने घेतो. हे उसने त्याने फेडले का, हा समीक्षकाचा पहिला प्रश्न असतो. मराठी नाटकात महेश एलकुंचवार यांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाट्यत्रयी या दृष्टीने आदर्श म्हणता येईल. पहिल्या नाटकात वाया गेलेला वाटणारा पराग दुसऱ्या नाटकात घराचा कर्ता म्हणून उभा राहतो, तेव्हा काळ पुढे सरकल्याची जाणीव आपल्याला पात्राच्या बदलातून होते. निवेदकाला ती वेगळी सांगावी लागत नाही.

येथे आपण मुद्दाम लोकप्रिय चित्रपट निवडला आहे. ‘असल्या चित्रपटाचे काय समीक्षण करायचे?’ ही शंका संपर्कसत्रात हमखास निघते. परंतु लोकप्रिय कृतीची चिकित्सा अधिक अवघड असते. तिचा आनंद घेतल्यानंतरच ती तपासायची असते, आणि तपासताना तो आनंद नाकारायचा नसतो.

पूर्वसूत्र

राकेश रोशन दिग्दर्शित ‘क्रिश ३’ हा हिंदी चित्रपट १ नोव्हेंबर २०१३ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर प्रदर्शित झाला. ‘क्रिश २’ नावाचा चित्रपट नाही. गणना २००३ च्या ‘कोई... मिल गया’ पासून सुरू होते आणि २००६ चा ‘क्रिश’ हा दुसरा भाग ठरतो. म्हणजे शीर्षकातला आकडाच असे सांगतो की ही एका मुखवटाधारी नायकाची नव्हे, तर एका घराण्याची गोष्ट आहे. पहिल्या भागात बौद्धिक वाढ खुंटलेल्या रोहितला परग्रहावरील ‘जादू’ शक्ती देतो. ही शक्ती सूर्यप्रकाशावर चालते. दुसऱ्या भागात रोहितचा मुलगा कृष्णा मुखवटा धारण करतो. तिसऱ्या भागात पितापुत्र मुंबईत एकत्र राहतात आणि काल नावाचा प्रतिनायक शहरावर रोगाचे संकट आणतो. पिता आणि पुत्र या दोन्ही भूमिका हृतिक रोशन यांनीच केल्या आहेत.

बलस्थाने

या चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ उड्डाणांमध्ये किंवा कोसळणाऱ्या इमारतींमध्ये नाही. ते रोहित या वृद्ध होत चाललेल्या वडिलांमध्ये आहे. डोळ्यांवर चष्मा, बोलण्यात तेच जुने बालिशपण, आणि मुलाविषयीचा निःशब्द अभिमान. ज्यांनी पहिला भाग पाहिला आहे, त्यांना हा माणूस ओळखीचा वाटतो आणि तरी तो बदललेला असतो. परागच्या बाबतीत जे घडते, त्याच्या जवळ जाणारे हे एकमेव पात्र.

दुसरे बळ पूर्वसूचनेचे. आरंभी रोहित सूर्यकिरणांच्या साहाय्याने मृत पेशींत प्राण ओतण्याचा प्रयोग करतो. हा प्रयोग शेवटी उपयोगी पडणार, हे जाणत्या प्रेक्षकाला कळतेच. पण मृत पुत्राला जिवंत करताना पिता स्वतः संपतो, तेव्हा ‘जादू’च्या उन्हाची आठवण जागी होते आणि दहा वर्षांपूर्वीचे सूत्र पूर्ण होते. उत्तरभागाने पूर्वभागाचा अर्थ मागे जाऊन वाढवला, असे येथे म्हणता येते.

दृश्यपरिणामांचे बरेचसे काम मुंबईतल्याच रेड चिलीज या संस्थेने केले, ही बाबही नोंदवण्याजोगी आहे. कंगना रणौत यांनी साकारलेली काया रूप पालटू शकते. दुसऱ्या स्त्रीच्या रूपात घरात शिरलेल्या कायेला त्या घराची ओढ लागते, हा कथेतला सर्वांत मानवी धागा होय.

उणिवा

उणिवांची सुरुवात बहुतेक समीक्षणे अनुकरणापासून करतात. रूपबदल करणारी स्त्री, चाकाच्या खुर्चीतून मनोबलाने वस्तू हलवणारा पुरुष, या कल्पना ‘एक्स-मेन’ या अमेरिकी चित्रपटमालिकेची आठवण करून देतात. हे खरे आहे. मात्र केवळ साम्य दाखवून थांबणे म्हणजे समीक्षण नव्हे. उसनी कल्पना कृतीत रुजली का, हे पाहावे लागते.

या कसोटीवर काल हे पात्र तपासू. त्याचे मानेखालचे शरीर निकामी आहे. फक्त दोन बोटे हलतात. उत्तरार्धात उलगडते की तो रोहितच्याच अंशापासून प्रयोगशाळेत निर्माण झालेला, पुढे अनाथाश्रमात वाढलेला मुलगा आहे. म्हणजे कृष्णाचा भाऊ! सूर्याच्या शक्तीने जगणारा पिता, जन्मतः टाकला गेलेला एक पुत्र आणि लाडात वाढलेला दुसरा: मराठी वाचकाला येथे कर्ण आठवल्याशिवाय राहणार नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीने कर्णाची बाजू त्याच्याच तोंडून ऐकण्याची सवय आपल्याला लावली आहे. चित्रपटाच्या हाती हे सोने आपसूक आले होते. पण ही माहिती संवादातून उरकली जाते. रोहितला ‘हाही माझाच’ या जाणिवेने जो पेच पडायला हवा, तो क्षणभर चमकतो आणि विझतो. कृष्णा तर प्रतिस्पर्ध्याकडे भाऊ म्हणून एकदाही थांबून पाहत नाही. काल पुन्हा धातूचे कवच चढवलेला खलपुरुष होतो. (कवचसुद्धा होते! तरीही कर्ण झाला नाही.) अनुकरणाहून ही उणीव मोठी आहे, कारण येथे चित्रपटाने स्वतःचेच धन ओळखले नाही.

दुसरी उणीव नायकाच्या सामर्थ्याविषयीची. चाकूर तालुक्यातील विद्यार्थ्यांना वडवळ नागनाथचे संजीवनी बेट परिचित आहे. हनुमंताने नेलेल्या पर्वताचा तुकडा तेथे पडला, अशी लोकधारणा आहे. त्या कथेत हनुमंताला वनस्पती ओळखता येत नाही, म्हणून तो अख्खा पर्वत उचलतो. अफाट बळाच्या आत असलेले हे अज्ञान कथेला रंगत आणते. ‘क्रिश ३’ मध्ये रोगावरचा उतारा नायकाच्या रक्तातच सापडतो. शोधायचे काही नाही, चुकण्याची भीती नाही. शहर वाचते, पण ते वाचवण्यासाठी नायकाला काही मोजावे लागत नाही.

‘जो दुसऱ्याचे दुःख दूर करतो, तो प्रत्येक जण क्रिश’ हा विचार पूर्वार्धात येतो. उत्तरार्धात सामान्य माणसे केवळ आजारी पडतात, पळतात आणि टाळ्या वाजवतात. प्रिया ही पत्रकार असूनही कथा तिला अपहृत पत्नी एवढेच काम देते. गाण्यांविषयी इतकेच म्हणता येईल की ती कथेला थांबवतात.

समीक्षण लिहिताना

कथानक सांगण्यात निम्मी उत्तरपत्रिका खर्च करण्याची सवय टाळावी. आपले विधान आणि त्याचा आधार असलेला प्रसंग एकाच परिच्छेदात यावा. ‘चित्रपट छान आहे’ हे मत झाले. ‘रोहितचा मृत्यू पहिल्या भागातील उन्हाशी जोडला गेल्याने परिणामकारक ठरतो’ हे समीक्षण. उणीव सांगताना कृतीने स्वतः जे वचन दिले, त्याच्या तुलनेत सांगावी. कौटुंबिक कथेचे वचन देणाऱ्या चित्रपटाकडे विज्ञानाच्या अचूकतेचा हट्ट धरणे योग्य नाही. भाऊ भावाला भेटला का, हे विचारणे मात्र योग्य आहे.

स्वाध्याय

१. आपण पाहिलेल्या कोणत्याही मराठी चित्रपटाचा उत्तरभाग निवडा (उदा. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला २’, २०१३). पूर्वभागातील एका पात्रात झालेला बदल दोन प्रसंगांच्या आधारे दाखवा.

२. काल आणि कृष्णा यांची भावाभावांची भेट असा एक प्रसंग सुमारे २०० शब्दांत लिहा. रोहित तेथे उपस्थित असावा.