दूरचा सहायक आणि दिलेला शब्द

रिमोट एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणजे उद्योजकाच्या कचेरीत न येता, आपल्या घरून किंवा परगावाहून त्याची मेल, भेटीगाठी, प्रवास, कागदपत्रे आणि पाठपुरावा सांभाळणारा सहायक. डेटा एन्ट्रीसाठी ठेवलेल्या माणसापेक्षा त्याचे काम निराळे. डेटा एन्ट्रीवाल्याला काम मोजून दिलेले असते; हा सहायक मालकाच्या वतीने बोलतो, लिहितो, वेळ देतो आणि नाकारतो. म्हणून त्याच्या हाती काय द्यायचे हा प्रश्न पगाराच्या आधी येतो. बहुतेक मालक उलट क्रमाने विचार करतात.

अशा सहायकाचा खरा उपयोग मोठ्या कंपनीच्या संचालकापेक्षा भोसरी-चाकणच्या लहान कारखानदाराला अधिक आहे. खरेदी, वसुली, कोटेशन, कामगारांची उचल आणि वीजबिल हे सगळे त्याच्याच डोक्यात असते. त्यात महिन्याच्या तारखा पाठ सोडत नाहीत: ७ तारखेला टीडीएस (मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत), ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. रिटर्न सीए भरतो हे खरे, पण त्याच्याकडे बिले पोचवायची कोणी? ११ तारीख चुकली की ग्राहकाच्या त्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये बिल दिसत नाही, आणि मोठी कंपनी तेवढ्या कारणावरून पेमेंट अडवून ठेवते. उशिराचा दंड दिवसाला पन्नास रुपये असतो. अडकलेली रक्कम काही लाखांची. दर महिन्याच्या ५ तारखेला बिलांची फाइल तयार ठेवणारा माणूस एवढ्या एका कामावर आपला पगार वसूल करून देतो.

हा माणूस दूरचाच का, याचे उत्तर पैशात शोधू नये. चांगले इंग्रजी पत्र लिहिणारा, एक्सेल येणारा आणि फोनवर गोड पण ठाम बोलणारा माणूस औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज येऊन बसायला सहसा तयार नसतो. तोच सांगलीत, नाशकात किंवा लातुरात आपल्या घरी बसून हे काम आनंदाने करतो. मुले लहान असल्यामुळे नोकरी सोडलेल्या, मोठ्या कचेरीत तयार झालेल्या स्त्रियाही या कामात उत्तम ठरतात. खुर्ची, संगणक आणि जाण्यायेण्याचा खर्च वाचतो, पण ती बचत गौण आहे.

दूरपणाची किंमत मात्र वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. पूर्वीचा दिवाणजी पेढीवरच बसे. शेठ कोणाशी काय बोलले, कोणाला चहा सांगितला, कोणाला उभ्याउभ्या वाटेला लावले, हे त्याच्या कानावर आपोआप पडे. त्याला निम्म्या सूचना कधी द्याव्याच लागत नसत. दूरच्या सहायकाला तेवढेच दिसते जेवढे लिहिलेले आहे.

प्रस्तुत लेखकाच्या सीएनसी वर्कशॉपला हा धडा महाग पडला. वसुलीचे काम सांगलीच्या एका हुशार तरुण सहायकाकडे दिले होते. त्याने टॅलीतून येण्याची यादी काढली, ४५ दिवसांपुढे गेलेली बिले वेगळी केली आणि प्रत्येकाला पत्र धाडले. पत्रात चूक काढायला जागा नव्हती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, मुदत उलटलेली अशी रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत खरेदीदाराला ती आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे सारे पत्रात कलमांसह होते.

यादीत अकरा वर्षांचा एक ग्राहकही होता. त्याच्या घरी आजारपण चालू होते आणि लेखकाने आठच दिवसांपूर्वी, टेम्पोतून माल पोचवायला जाताना, त्याला फोनवर सांगितले होते, ‘दिवाळीनंतर बघू, घाई नाही.’ हे टेम्पोवाल्याला ठाऊक होते; सांगलीला नव्हते. पत्र गेल्यानंतर नवव्या दिवशी पैसे जमा झाले. त्या ग्राहकाचे ड्रॉइंग पुन्हा वर्कशॉपमध्ये आले नाही. समजूत घालायला लेखक स्वतः गेला, चहा झाला, बोलणे झाले, काम मिळाले नाही.

दोष सहायकाचा नव्हता. त्याला यादी मिळाली होती, दिलेला शब्द कोणी कळवलाच नव्हता. यावर नंतर केलेला उपाय अगदी साधा आहे. येण्याच्या शीटमध्ये ‘शब्द’ नावाचा एक रकाना वाढवला. फोन ठेवला की मालकाने व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकायचा, सहायकाने तो रकान्यात उतरवायचा, आणि रकाना भरलेला असेल त्या नावाला पत्र पाठवायचे नाही. रोज सकाळी मशीन सुरू होण्यापूर्वी पंधरा मिनिटे फोन ठरलेला. शिवाय पैसा आणि नाते यांना स्पर्श करणारे पत्र पहिले तीन महिने फक्त मसुदा म्हणून राहते. ‘पाठव’ हा शब्द मालकाचा. पंधरा मिनिटांचा हा फोन ज्याला जड वाटतो त्याने सहायक ठेवूच नये, त्याचे पैसे वाया जातील.

दुसरी काळजी किल्ल्यांची. मेलचा पासवर्ड सांगून टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे आणि ती अनावश्यकही आहे. जीमेलमध्ये दुसऱ्याला प्रतिनिधी नेमता येते. तो मेल वाचतो, उत्तर देतो, पुसूही शकतो, पण पासवर्ड बदलू शकत नाही. डिजिटल सहीचे टोकन तर कोणाच्याच हाती देऊ नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपल्या सहीची खासगी की ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याची सही त्याचीच असते. टोकन दुसऱ्याकडे होते, ही सबब सांगून हात झटकता येत नाहीत. बँकेत मेकर-चेकरची सोय मागून घ्यावी: सहायकाने पेमेंट भरून ठेवायचे, मंजुरी मालकाने आपल्या फोनवरून द्यायची. ओटीपी फोनवर वाचून दाखवण्याची सवय एकदा लागली की सुटत नाही. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याची मेल आली तर, ती कितीही खरी वाटली तरी, जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय रुपयाही सोडू नये.

करारात गुप्ततेचे कलम, रजेचा हिशेब आणि महिनाभराची सूचना एवढे असले की पुरते. काम सोडताना दिलेले सगळे प्रवेश परत काढून घेण्याची यादी मात्र पहिल्याच दिवशी करावी, कारण शेवटच्या दिवशी ती कोणालाच आठवत नाही. सांगलीचा तो सहायक दीड वर्षाने बँकेत लागला. त्यानंतर पाच महिन्यांनी त्याचा फोन आला: साहेब, तुमच्या मुलीच्या शाळेतली मीटिंग अजून माझ्या मोबाइलवर वाजते, कॅलेंडरमधून माझे नाव काढा.