साखळी-करवतीची निगा, दुरुस्ती व जुळणी

गोंदिया जिल्ह्याचा बराचसा भाग झाडीपट्टीत मोडतो. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर बाभूळ, पळस यांसारखी झाडे उभी असतात. उन्हाळी वादळात ती बांधीत अथवा रस्त्यावर कोसळतात, आणि फांद्यांची सावली पिकावर पडू लागली म्हणजे छाटणीही करावी लागते. पूर्वी हे काम कुऱ्हाडीने व दोघांनी ओढावयाच्या आऱ्याने होत असे. आता पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, म्हणजेच चेनसॉ, खेड्यापर्यंत पोहोचली आहे. आणि ती स्वतः उघडून दुरुस्त करण्याचा व जुळविण्याचा छंदही कित्येक हौशी तरुणांना जडला आहे.

हा छंद स्तुत्य आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावी खेप घालण्याचा खर्च वाचतो व ऐन कामाचा दिवस फुकट जात नाही. परंतु या छंदास क्रम हवा. "यंत्राचा जोर कमी झाला" असे वाटताच पुष्कळ जण पेचकस घेऊन प्रथम कार्बुरेटरला हात घालतात किंवा सायलेन्सरला भोके पाडतात. वास्तविक दोष बहुधा साखळीच्या दातांत असतो. दात बोथट असताना इंजिन तेज करणे म्हणजे फाळ पाजवून घेण्याऐवजी नांगराला आणखी एक बैलजोडी जुंपण्यासारखे आहे. प्रथम दात, नंतर वंगण व स्वच्छता, त्यानंतर इंधन, आणि सर्वांत शेवटी कार्बुरेटर, हाच क्रम हितावह होय.

दातांची रचना

जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. तिचे वजन ४८ किलो असून ती चालविण्यास दोन माणसे लागत. १९२९ साली त्यांनी पेट्रोलवर चालणारी करवत बनविली. त्या काळच्या साखळीचे दात हातकरवतीसारखे असल्याने ते लाकूड ओरबाडीत व लवकर बोथट होत. ही अडचण दूर झाली ती एका किड्यामुळे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ साली एक ओंडका फोडीत असता बोटाएवढी अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती आपल्या जबड्यांनी डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने लाकूड कापीत पुढे सरकत होती. त्यावरून कॉक्सने एक दात डावा व एक दात उजवा अशी साखळी बनविली आणि १९४७ साली ती विक्रीस आणली. आजच्या साखळीची घडण मूलतः तीच आहे.

प्रत्येक दाताच्या पुढे एक लहान उंचवटा असतो. दात किती खोल शिरावा हे तो ठरवितो. उंचवटा दाताहून सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. तो तितका खाली नसेल तर दात लाकडाला केवळ घासत जातो. फार खाली गेला तर दात अडकून करवत हिसका देते.

दात पाजविणे

कापताना पडणाऱ्या भुशाकडे पाहावे. जाडसर ढलप्या पडत असतील तर धार चांगली आहे. पिठासारखा चुरा पडू लागला, अथवा करवत दाबून धरावी लागली, तर काम थांबवून धार लावावी. कापलेली रेघ एका बाजूस वळत असेल तर डाव्या व उजव्या दातांची लांबी सारखी राहिलेली नाही असे समजावे.

धार लावण्यास गोल कानस लागते. तिची जाडी साखळीच्या मापाप्रमाणे बदलते: तीन-अष्टमांश इंचाच्या लहान बांध्याच्या साखळीस ४ मिलिमीटर व ०.३२५ इंचाच्या साखळीस ४.८ मिलिमीटर. नेहमीच्या साखळीस कानस ३० अंशांच्या कोनात धरावी. ती दाताच्या आतून बाहेर एकाच दिशेने न्यावी, मागे आणताना उचलावी. प्रत्येक दातास सारखेच हात द्यावे, म्हणजे सर्व दात समान राहतील. चार-पाच वेळा धार लावून झाल्यावर पुढील उंचवटा मापपट्टी ठेवून सपाट कानशीने उतरवावा. नुसत्या नजरेवर विसंबू नये.

आपल्या भागात धार लवकर जाण्याची काही विशेष कारणे आहेत. सागाच्या लाकडात वाळूतील सिलिका हे द्रव्य असते. वाळवी लागलेल्या खोडावर मातीचा थर असतो. रस्त्याकडेच्या झाडांत जुने खिळे व तारा रुतलेल्या असतात. यास्तव कापण्यापूर्वी खोडावरील माती कोयत्याने खरवडून काढावी व पडलेले झाड कापताना साखळी जमिनीस लागू देऊ नये. एकदा जमिनीला टेकलेली साखळी पुन्हा पाजविल्याखेरीज नीट चालत नाही.

पट्टी, वंगण व स्वच्छता

साखळी ज्या पट्टीवरून फिरते तिची खाच व तेलाचे छिद्र भुशाने बुजते. दर वेळी साखळी काढताना ते साफ करावे व पट्टी उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. साखळीचा ताण इतका असावा की ती पट्टीच्या खालच्या कडेस चिकटून राहील, परंतु हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकेल. कामात तापलेली साखळी लांबते. अशा वेळी ताण दिला असल्यास काम संपल्यावर तो सैल करावा. अन्यथा थंड होताना आखडून ती बेअरिंगवर ताण आणते.

साखळीसाठी गाडीतून काढलेले जळके ऑइल वापरू नये. त्यात धातूचे कण असतात व ते त्वचेसही अपायकारक आहे. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपली पाहिजे. तेल तसेच उरत असेल तर छिद्र अथवा पंप तुंबला आहे. रोजचे काम संपल्यावर एअर फिल्टर व सिलिंडरवरील पाती ब्रशने साफ करावी. पातींत भुसा साचला की इंजिनाला हवा लागत नाही व ते तापते.

इंधन

या इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच पिस्टनचे वंगण होय. बहुतेक आधुनिक यंत्रांस ५०:१ हे प्रमाण, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागते. काही यंत्रांस २५:१, म्हणजे ४० मिलिलिटर. माहितीपुस्तिकेत दिलेले प्रमाण पाळावे व माप बाटलीने घ्यावे, अंदाजाने नव्हे.

हल्ली पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पावसाळ्यात टाकीत राहिलेल्या मिश्रणात पाणी तळाशी बसते व कार्बुरेटरमधील रबरी पडदा कडक होतो. म्हणून एका महिन्यात संपेल इतकेच मिश्रण करावे. यंत्र दीर्घकाळ ठेवावयाचे असल्यास टाकी रिकामी करून उरलेले इंधन इंजिन चालवून संपवावे.

कार्बुरेटरची जुळणी

वरील सर्व गोष्टी झाल्यावरही दोष राहिला तरच कार्बुरेटरकडे वळावे. प्रथम प्लग पाहावा. त्याची फट साधारणपणे ०.५ मिलिमीटर असते. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण योग्य आहे. काळे व तेलकट असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरके असेल तर पेट्रोल कमी. ज्या यंत्रात जुळणी विद्युत-यंत्रणा आपोआप करते तेथे हा भाग लागू नाही.

सामान्यतः तीन स्क्रू असतात: मंद गतीचा, जलद गतीचा व रिकाम्या चालीचा. हात लावण्यापूर्वी पहिले दोन स्क्रू हलकेच बंद करून किती फेरे बसतात ते वहीत लिहावे व पुन्हा होते तेथे आणावे. मग इंजिन गरम करून मंद गतीचा स्क्रू असा लावावा की खटका दाबताच इंजिन न अडखळता उठेल. त्यानंतर रिकामी चाल इतकी ठेवावी की इंजिन चालू राहील पण साखळी फिरणार नाही. रिकाम्या चालीत साखळी फिरत असेल तर ते यंत्र कामावर नेऊ नये.

जलद गतीच्या स्क्रूबाबत विशेष सावध राहावे. तो उजवीकडे फिरविला की पेट्रोल कमी होते, आवाज बारीक व चढा होतो, आणि यंत्र तेज झाल्याचा भास होतो. परंतु पेट्रोल कमी झाले म्हणजे त्यासोबतचे तेलही कमी झाले; उष्णता वाढली आणि वंगण घटले. असे यंत्र थोड्याच वेळात पिस्टन धरते. योग्य जुळणीत मोकळ्या पूर्ण वेगात आवाज किंचित फाटका येतो व दात लाकडात शिरताच तो स्वच्छ होतो. फेरे मोजण्याचे यंत्र मिळाल्यास पुस्तिकेतील कमाल मर्यादेच्या खालीच राहावे.

थंड हवा दाट असते. म्हणून मे महिन्याच्या उन्हात जुळविलेले यंत्र डिसेंबरच्या सकाळी पेट्रोलला कमी पडू शकते. ऋतू बदलताना जुळणी पुन्हा तपासावी.

पिस्टन धरलेले यंत्र आल्यास केवळ नवा पिस्टन घालून परत देऊ नये. करवत आडवी-उभी केल्याने आवाज बदलत असेल, किंवा रिकामी चाल सारखी वरखाली होत असेल, तर रबरी नळीतून अथवा सीलमधून हवा शिरत असण्याचा संभव आहे. मूळ कारण न शोधल्यास दुसरा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.

फेरबदल कोणते करावेत

इंजिनास झेपेल इतक्या लांबीची पट्टी व योग्य मापाची साखळी निवडणे हा सर्वांत लाभदायक फेरबदल होय. सिलिंडरची दारे कोरून वाढविणे, बुडाची गॅस्केट काढणे, सायलेन्सर कापणे या गोष्टी परदेशांत हौशी लोक करतात. अशा लाकूडकापणीच्या स्पर्धांची टिंबरस्पोर्ट्स ही मालिका १९८५ पासून चालत आली आहे. परंतु स्पर्धेच्या यंत्रास काही सेकंदच धावावयाचे असते. शेतकऱ्याच्या यंत्रास तासन् तास राबावे लागते. ज्याला ही हौस करावयाची असेल त्याने ती जुन्या, कामातून गेलेल्या यंत्रावर करावी.

तीन भाग मात्र कधीही काढू नयेत. पहिला, सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणग्या अडविणारी जाळी. ती काजळीने तुंबली तर इंजिनाचा जोर जातो, म्हणून पुष्कळ जण ती फेकून देतात. ती ब्रशने साफ करावी. मोहफूल व तेंदूपानाच्या हंगामात जंगलाची जमीन वाळल्या पाल्याने झाकलेली असते, आणि एक ठिणगीही वणव्यास पुरेशी होते. दुसरा, चेन ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला की करवत क्षणार्धात चालविणाऱ्याकडे उसळते. त्या वेळी हाच ब्रेक साखळी थांबवितो. तिसरा, मुठीखालील रबर अथवा स्प्रिंगा. त्यांच्यावाचून कंपनाने बोटे बधिर होतात व पुढे रक्ताभिसरण बिघडते.

सुरक्षितता व कायदा

दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी. गरम इंजिनात पेट्रोल भरू नये व भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर जाऊन यंत्र सुरू करावे. शिरस्त्राण, चष्मा, कानावरील आच्छादन, जाड बूट व पायांवरील संरक्षक कापड वापरावे.

यंत्र स्वतःचे व जमीन स्वतःची असली तरी प्रत्येक झाड तोडण्याची मुभा असते असे नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, मोह, खैर, बिजा, ऐन इत्यादी अनुसूचित झाडांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

ज्या गावात अशी दोन-चार यंत्रे आहेत तेथे मालकांना एकत्र बोलावून दात पाजविण्याचे प्रात्यक्षिक घडवावे. एकाच ओंडक्यावर बोथट साखळीने व पाजविलेल्या साखळीने एकेक काप घेऊन दाखविल्यास व्याख्यानाची गरज राहणार नाही. गावासाठी गोल व सपाट कानस, उंचवट्याची मापपट्टी, प्लगचा पाना, मापाची बाटली, ब्रश आणि एक वही एवढे साहित्य पेटीत ठेवावे. केव्हा धार लावली, कोणता स्क्रू किती फिरविला, काय बिघडले होते, हे वहीत लिहिण्याची सवय लागली की केवळ हौस न राहता ते कसब होते, आणि गावाची यंत्रे व ती चालविणारे हात दोन्ही धड राहतात.