पंधरा अंकांची ओळख

दिवाळी जवळ आली, की नागपुरातील सीताबर्डीच्या बाजारात मुंगी शिरायलाही वाव नसतो. दुकानांच्या कमानींवर आकाशकंदील झुलत असतात, रस्त्याच्या कडेला पणत्यांच्या राशी मांडलेल्या असतात आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्यांनी सारा परिसर दुमदुमून जातो. समजा, अशा गर्दीत एका भाजीवाल्या बाईंच्या पिशवीतून त्यांचा मोबाइल फोन नाहीसा झाला. तो घेण्यासाठी त्यांनी कित्येक महिने पैसा पैसा साठविला होता. गिऱ्हाइकांचे नंबर त्यात होते, उधारीचा हिशेब त्यात होता आणि गावाकडच्या वृद्ध आईचे एकुलते एक छायाचित्रही त्यातच होते.

बाई आपल्या मुलीला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. हवालदारांनी विचारले, “ताई, फोनचा क्रमांक सांगा.” बाईंनी दहा अंक घडाघडा म्हणून दाखविले. हवालदार म्हणाले, “हा तर तुमच्या सिमकार्डाचा क्रमांक झाला. चोराने ते कार्ड केव्हाच काढून फेकले असेल. फोनचा स्वतःचा क्रमांक हवा.” बाई गोंधळल्या. परंतु मुलीला एकदम आठवले. ती म्हणाली, “आई, फोनच्या खोक्यावर एक लांबलचक आकडा छापलेला आहे. ते खोके तू ट्रंकेत ठेवले आहेस ना?”

मुलीचे म्हणणे बरोबर होते. प्रत्येक मोबाइल फोनला कारखान्यातच एक पंधरा अंकी क्रमांक दिला जातो. त्याला आय.एम.ई.आय. क्रमांक म्हणतात. सिमकार्ड आणि फोन यांचे नाते भाडेकरू आणि घर यांच्यासारखे आहे. भाडेकरू बदलला, तरी घराचा क्रमांक बदलत नाही. त्याचप्रमाणे फोनमध्ये कोणाचेही सिमकार्ड घातले, तरी फोनचा क्रमांक तोच राहतो. ज्या फोनमध्ये दोन सिमकार्डांची सोय असते, त्याला असे दोन क्रमांक असतात. फोन सुरू होऊन मनोऱ्याशी संपर्क साधतो, तेव्हा सिमकार्डाच्या ओळखीबरोबर फोनची ओळखही दूरध्वनी कंपनीच्या यंत्रणेला मिळू शकते.

अंकांतून ओळख सांगण्याची ही रीत नागपूरकरांना अपरिचित नाही. नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४४०००१ आहे. त्यातील पहिल्या ४ या अंकावरून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग कळतो. ४४ या जोडीवरून विदर्भ कळतो. पहिले तीन अंक पत्रांची छाननी करणारा जिल्हा दाखवितात आणि शेवटचे तीन अंक नेमके टपाल कार्यालय दाखवितात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणचे सुपुत्र होते आणि संस्कृतचे नामवंत कवीही होते. पत्रावरचे अक्षर कोणत्याही लिपीत असो, सहा अंक वाचता आले की पत्र योग्य गावी पोहोचते.

फोनच्या क्रमांकातही असाच अर्थ भरलेला असतो. उदाहरणादाखल ४९०१५४२०३२३७५१८ हा क्रमांक घेऊ. त्याचे तीन भाग पडतात. ४९०१५४२० हे पहिले आठ अंक फोन कोणत्या कंपनीचा व कोणत्या प्रकारचा आहे, हे सांगतात. एका प्रकारचे फोन लक्षावधी असू शकतात. म्हणून पुढचे ३२३७५१ हे सहा अंक त्यांतील एकेका फोनला वेगळे करतात. एकाच शाळेतील विद्यार्थ्यांचे जसे वेगवेगळे हजेरी क्रमांक, तसेच हे. या अंकांवरून फोन कोणत्या देशात तयार झाला व तो चांगला की वाईट, हे ओळखता येते असा एक समज लोकांत पसरलेला आहे. तो खरा नाही. हा क्रमांक वस्तूची ओळख सांगतो, तिची गुणवत्ता सांगत नाही.

आता शेवटचा ८ हा एकटा अंक उरला. तो ताळ्याचा अंक होय. जुन्या काळी दुकानातील मुनीम बेरीज केल्यावर ताळा पाहत असत. चूक झाली असेल तर ताळा जुळत नसे. हा अंकही तेच काम करतो. ही युक्ती आय.बी.एम. या कंपनीतील हान्स पीटर लून यांनी काढली. १९५४ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली त्यांना ते मिळाले.

ताळा पाहण्याची कृती सोपी आहे. पहिल्या चौदा अंकांपैकी डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरचे अंक घ्यावयाचे. वरील क्रमांकात ते ९, १, ४, ०, २, ७ व १ आहेत. त्यांची दुप्पट करावयाची आणि दुप्पट दोन अंकी आली, तर ते दोन अंक एकमेकांत मिळवावयाचे. नवाची दुप्पट अठरा. एक आणि आठ मिळून नऊ. सातांची दुप्पट चौदा. एक आणि चार मिळून पाच. अशा रीतीने ९, २, ८, ०, ४, ५ व २ हे अंक येतात. त्यांची बेरीज ३०. विषम स्थानांवरचे ४, ०, ५, २, ३, ३ व ५ हे अंक जसेच्या तसे मिळवावयाचे. त्यांची बेरीज २२. दोन्ही मिळून ५२ होतात. बावन्नला दहाने भाग जाईल अशी पुढची संख्या, म्हणजे ६०, करण्यासाठी ८ हवेत. म्हणून शेवटचा अंक ८.

ट्रंकेतून काढलेल्या खोक्यावर हाच क्रमांक होता असे मानू. मात्र दमट हवेमुळे त्यातील तेरावा अंक पुसट झाला होता. तो पाच आहे की सहा, हे कळत नव्हते. मुलीने कागदावर दोन्ही करून पाहिले. सहा धरला तर बेरीज ५३ होते आणि शेवटी ७ हवा होता. खोक्यावर तर ८ स्पष्ट दिसत होता. पाच धरला तेव्हा ताळा बरोबर जुळला. पुसलेला अंक पाचच होता!

कोणताही एक अंक चुकला, तर हा ताळा ती चूक हटकून दाखवितो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तरी बहुधा दाखवितो. फक्त ० आणि ९ यांची अदलाबदल त्याच्या नजरेतून निसटते. वरच्या क्रमांकात प्रारंभी ४९० ऐवजी ४०९ लिहिले, तरी बेरीज ५२ च येईल. आणखी एक मौजेची गोष्ट अशी, की फोन आपली ओळख यंत्रणेला कळवितो, तेव्हा ताळ्याचा अंक पाठवीत नाही. त्या जागी शून्य पाठवितो. हा शेवटचा अंक माणसांसाठी आहे. चुकतात ती लिहिणाऱ्याची बोटे आणि वाचणाऱ्याचे डोळे!

क्रमांक बरोबर मिळाला, म्हणजे पुढचे काम सुरू होते. पूर्वी एखाद्या कंपनीने चोरीचा फोन आपल्या यंत्रणेत बंद केला, तरी चोर त्यात दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घालून तो खुशाल वापरी. यावर उपाय म्हणून सर्व कंपन्यांना जोडणारी एक केंद्रीय नोंदवही तयार करण्यात आली. तिला सी.ई.आय.आर. असे म्हणतात. सी-डॉट या सरकारी संस्थेने ती उभारली. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्र व गोवा या भागात ती सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये सर्व देशासाठी खुली झाली. फोन हरवलेल्या माणसाने पोलिसांत तक्रार नोंदवावी, जुन्याच क्रमांकाचे नवे सिमकार्ड घ्यावे आणि तक्रारीची प्रत जोडून या नोंदवहीकडे अर्ज करावा. मग तो फोन देशातील कोणत्याही कंपनीच्या यंत्रणेत चालत नाही. कोणी त्यात सिमकार्ड घालून पाहिले, तर त्याची वर्दी पोलिसांपर्यंत जाते. अशा रीतीने शोधलेले फोन महाराष्ट्रातील पोलिसांनी अनेक मालकांना परत केले आहेत.

तथापि या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच आहे: एका फोनचा एक क्रमांक, आणि तोही खरा. एके काळी भारतात क्रमांक नसलेले किंवा खोटे क्रमांक असलेले स्वस्त फोन सर्रास विकले जात. असा फोन कोणाचा, हे सांगणे कठीण होते. म्हणून २००९ सालच्या नोव्हेंबरअखेर असे फोन बंद करण्याचा आदेश सरकारने दिला. काही लबाड लोक चोरीच्या फोनचा क्रमांक पुसून त्यावर दुसऱ्याच फोनचा क्रमांक चढवितात. अशाने एखाद्या निरपराध माणसावर संशय येऊ शकतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यान्वये या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वापरलेला फोन विकत घेणाऱ्यानेही सावध राहावे. फोनवर *#०६# ही कळ दाबली, की त्याचा क्रमांक पडद्यावर दिसतो. तो बिलावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे पाहावे. के.वाय.एम. ही अक्षरे व फोनचा क्रमांक १४४२२ या क्रमांकावर संदेशाने पाठविल्यास त्या फोनची माहितीही मिळते.

त्या भाजीवाल्या बाईंना फोन परत मिळेलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. बंद करून ठेवलेला फोन मुका असतो. तो मनोऱ्याशी बोलेल तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. परंतु चोराच्या हातात आता फोन राहिला नव्हता. उरला होता तो केवळ एक निरुपयोगी ठोकळा. हे घडले ते एका जपून ठेवलेल्या खोक्यामुळे. त्या रात्री मुलीने घरातील वडिलांच्या फोनचाही क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घेतला. आणि उतरून झाल्यावर ताळा पाहण्यास ती विसरली नाही.

शब्दार्थ
वाव – जागा. ताळा – हिशेब बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची रीत. मुनीम – हिशेबनीस. वर्दी – सूचना, खबर. सर्रास – बिनदिक्कत, सगळीकडे.

स्वाध्याय
१. हवालदारांना बाईंनी सांगितलेला क्रमांक का उपयोगी पडला नाही?
२. सिमकार्ड व फोन यांना भाडेकरू व घर यांची उपमा का दिली आहे?
३. फोनच्या क्रमांकाचे तीन भाग कोणते? प्रत्येकाचे काम सांगा.
४. ताळ्याचा अंक यंत्रासाठी नसून माणसांसाठी आहे, हे सकारण स्पष्ट करा.
५. घरातील फोनचा पंधरा अंकी क्रमांक वडीलधाऱ्यांच्या परवानगीने उतरून घ्या व त्याचा ताळा पाहा. तो क्रमांक परक्या माणसास सांगू नका.
६. ‘पैसा पैसा साठविणे’, ‘नजरेतून निसटणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.