ब्रेकचा लहानसा स्विच आणि मोटारीच्या वेगाचा राखणदार

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे आपण बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतों. त्यावांचून आपलें अडत नाहीं असें म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतों, किंवा जो भाग प्रथम डोळ्यांपुढें येईल तो बदलून मोकळे होतों. या दोन्ही मार्गांत विचार थोडा आणि नुकसान फार. प्रस्तुत लेखांत आम्ही मोटारींतील एका लहानशा बिघाडाचें उदाहरण घेणार आहों. तो बिघाड म्हणजे ‘क्रूझ कंट्रोल’ चालेनासें होणें. ही चैनीची वस्तु आहे असें पुष्कळ पालक म्हणतील, व तें खरेंहि आहे. परंतु ती बंद पडण्याचें कारण पुष्कळदां चैनीचें नसतें. तें ब्रेकच्या दिव्यांशीं, म्हणजे आपल्या व आपल्या मागून येणाऱ्यांच्या जिवाशीं निगडित असतें.

प्रथम क्रूझ कंट्रोल म्हणजे काय तें पाहूं. पुण्याहून सोलापुरावरून हैदराबादेकडे जाणारा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पुण्यापर्यंतचें सुमारें अडीचशें किलोमीटरांचें अंतर तोडतांना चालकाला उजवा पाय तासन्‌तास अ‍ॅक्सिलरेटरवर धरून बसावें लागतें. ज्या मोटारींत क्रूझ कंट्रोल असतें, तिच्यांत इष्ट वेग गाठून स्टिअरिंगवरील बटण दाबलें कीं पाय काढून घेतां येतो. चढ लागला तर यंत्र आपण होऊन इंजिनाचा जोर वाढवितें, उतार लागला तर कमी करतें, व वेग कायम राखतें.

ही कल्पना जुनीच आहे. जेम्स वॉट यानें १७८८ सालीं वाफेच्या इंजिनाला दोन फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक जोडला. वेग वाढला कीं गोळे दूर फेंकले जाऊन वर उचलले जात व वाफेची झडप मिटूं लागे. वेग मंदावला कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. सोलापुरांतील जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली, तेव्हां गिरण्यांचीं इंजिनें वाफेचींच असत, आणि सूत तुटूं नये म्हणून त्यांचा वेग एकसारखा राखणें भाग असे. मोटारीकरितां हें काम अमेरिकेंतील राल्फ टीटर नांवाच्या इंजिनिअरानें केलें. पांचव्या वर्षीं अपघातानें त्याची दृष्टि गेली होती. एका वकील स्नेह्याच्या मोटारींतून जातांना, स्नेही बोलूं लागला कीं गाडी मंदावते व ऐकूं लागला कीं वेग घेते, हें त्याच्या ध्यानांत आलें असें सांगतात. त्याच्या युक्तीला १९५० सालीं पेटंट मिळालें आणि १९५८ सालच्या क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत ती प्रथम बसविली गेली. ज्याला दिसत नव्हतें, त्यानें डोळसांच्या पायांतील दोष ओळखिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जें यंत्र वेग धरून ठेवतें, त्याला तो केव्हां सोडावा हेंहि कळलें पाहिजे. पुढें ऊंस भरलेली ट्रॉली दिसली, चालकानें ब्रेकवर पाय ठेवला, आणि यंत्र मात्र वेग राखण्याचा हट्ट धरून बसलें, तर काय होईल तें सांगावयास नको. म्हणून ब्रेकच्या पेडलाच्या वरच्या अंगास अंगठ्याएवढा एक स्विच बसविलेला असतो. पेडल मोकळें असलें म्हणजे त्याची पट्टी या स्विचाचा दट्ट्या आंत दाबून धरते. पेडल दाबलें म्हणजे पट्टी दूर होते व दट्ट्या स्प्रिंगच्या जोरानें बाहेर येतो.

पुष्कळ मोटारींत या एकाच स्विचांत विजेचीं दोन मंडलें असतात. बॅटरीपासून निघालेला प्रवाह आपलें काम करून परत येण्याची जी अखंड वाट, तिलाच मंडल म्हणावयाचें. पहिलें मंडल ब्रेकच्या दिव्यांचें. पेडल मोकळें असतां तें तुटलेलें असतें; पेडल दाबलें कीं जुळतें व मागचे तांबडे दिवे लागतात. दुसऱ्याची रीत याच्या उलट. पेडल मोकळें असतां तें जुळलेलें असतें व दाबलें कीं तुटतें. इंजिनाचा संगणक या दोहोंकडे सतत पाहत असतो. दुसऱ्या मंडलाची तार कोठें तुटली, तर संगणकाला पेडल दाबल्यासारखेंच भासतें आणि क्रूझ सुटतें. म्हणजे मोडतांनाहि तें सुरक्षित बाजूस मोडतें. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाहीं, तर संगणक क्रूझ लावण्याचें साफ नाकारतो व आपल्या स्मृतींत खुणेचा अंक टिपून ठेवतो. ब्रेकच्या स्विचाच्या मंडलांतील दोषाची खूण ‘पी ०५७१’ ही, आणि दोन साक्षी न जुळल्याची ‘पी ०५०४’ ही होय. तात्पर्य, क्रूझ बंद पडणें हा बहुतेक वेळां मूळ दोष नसून दोषाची बातमी असते.

मग दोष शोधावा कसा? नियम असा कीं, जें पाहण्यास कांहीं खर्च नाहीं तें अगोदर पाहावें. गाडी सपाट जागीं, हातब्रेक लावून व इंजिन बंद करून उभी करावी. एकानें पेडल दाबावें व दुसऱ्यानें मागें उभें राहावें. तिन्ही दिवे लागतात काय? पाय काढतांच विझतात काय? एकहि दिवा लागत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, मग स्विच. एकच दिवा लागत नसेल तर तो दिवा व त्याची बैठक पाहावी. मूळचे दिवे काढून निराळ्या जातीचे बसविले असतील तर तेंहि ध्यानांत घ्यावें. कांहीं जुन्या मोटारींत क्रूझचें यंत्र दिव्यांतून जाणाऱ्या प्रवाहावरच आपली खात्री करून घेतें.

यानंतर मीटर हातीं घ्यावा. दिव्यांच्या मंडलांत स्विचाच्या एका तारेवर सुमारें १२ व्होल्ट दाब असावा; दुसरीवर पेडल मोकळें असतां शून्य व दाबतांच १२. क्रूझच्या जोडींत किल्ली फिरवून पाहावें, म्हणजे पेडल मोकळें असतां १२ व दाबतांच शून्य आढळेल. येणाऱ्या तारेवरच दाब नसेल तर दोष स्विचाच्या अलीकडे. येणारीवर आहे व जाणारीवर येत नाहीं, तर दोष स्विचांत. स्विचांतून नीट जातो पण संगणकापर्यंत पोंचत नाहीं, तर तारेंत किंवा गंजलेल्या जोडांत. इतक्या तीन प्रश्नांत सर्व वाटेची झडती होते. ज्या मोटारींत क्लच आहे, तिच्यांत क्लचच्या पेडलालाहि असाच स्विच असतो, त्याला विसरूं नये. मात्र मीटर लावण्याचें काम विद्यार्थ्यांनीं वडील माणसांच्या देखतच करावें.

या रीतीचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. आमच्या परिचयाच्या एका पालकांच्या मोटारीचें क्रूझ उन्हाळ्यांत बंद पडलें. गावांतील एका कारखान्यांत स्कॅनर लावून पाहिला, तों त्यानें एकहि अंक दाखविला नाहीं. त्यावरून ब्रेकचा स्विच निर्दोष ठरला, आणि स्टिअरिंगवरील बटणांचा महाग संच बदलावा असा सल्ला मिळाला. दोन दिवसांनीं सकाळीं गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. ती भरून गाडी अंगणांत उभी केली असतां, पायहि न लावलेल्या मोटारीचे मागचे दिवे लागलेलेच आहेत, हें त्यांच्या मुलानें पाहिलें. मग पेडलाखालीं पाहतां चटईवर प्लॅस्टिकचे पिवळट कण सांपडले. पेडलाच्या पट्टीला एक भोंक असतें व त्यांत प्लॅस्टिकची लहान गुंडी बसविलेली असते. स्विचाचा दट्ट्या त्या गुंडीवर टेकतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें ती ठिसूळ होऊन फुटली होती, आणि दट्ट्या भोंकांतून बाहेर आला होता. त्यामुळें पेडल सदैव दाबलेलेंच आहे अशी साक्ष दोन्ही मंडलें देत होतीं. दोघांचें एकमत असल्यामुळें संगणकाला संशय आला नाहीं, म्हणूनच स्कॅनर मुका राहिला. नवी गुंडी बसली आणि क्रूझ, दिवे व बॅटरी, तिन्ही एकदम सुधारलीं. स्विच आपलें काम चोख करीत होता. त्याला टेकण्यास जागाच उरली नव्हती.

बॅटरी एका रात्रींत कां उतरली, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडून पाहावें. मागचे दोन मुख्य दिवे प्रत्येकीं २१ वॅटचे धरले तर एकूण ४२ वॅट. १२ व्होल्टांनीं भागतां ३.५ अँपिअर. दहा तासांत ३५ अँपिअर-तास झाले, आणि लहान मोटारीच्या बॅटरीची सांठवण साधारणतः तेवढीच असते. परंतु बॅटरीची हानि ही यांतली लहान हानि होय. ज्या मोटारीचे दिवे सदैव लागलेले असतात, ती खरोखर थांबूं लागली हें मागच्यास कळावें कसें? ताशीं ८० किलोमीटर वेगानें येणारें वाहन एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जातें. मागच्या चालकास उमगण्यास दीड सेकंद उशीर झाला, तर ३३ मीटर अंतर फुकट गेलें. आणि रात्रीच्या महामार्गावर तेवढेंच पुष्कळदां हातीं असतें.

हा दोष केवळ आपल्याकडील जुन्या गाड्यांचा नव्हे. २०१३ सालच्या एप्रिलमध्यें अमेरिकेंत ह्युंदाई व किआ या कंपन्यांनीं ब्रेकच्या स्विचाकरितां सुमारें १७ लाख मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या; स्विच दगा देऊन दिवे न लागण्याचा, व पेडल दाबूनहि क्रूझ न सुटण्याचा संभव होता. फोर्ड कंपनीच्या कित्येक वाहनांत क्रूझ तोडणारा निराळा स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चाले. त्याच्या आंतील पातळ पडद्यांतून तेल विजेच्या भागांत झिरपे, आणि त्यांत वीज सदैव खेळत असल्यामुळें किल्ली काढून उभ्या केलेल्या वाहनासहि आग लागे. १९९९ ते २००९ या काळांत या कारणास्तव फोर्डनें सुमारें १ कोटी ४० लाख वाहनें परत बोलाविलीं. कधीं क्रूझ सुटत नाहीं असें आढळलें, तर चालकानें गोंधळूं नये. ब्रेक जोरानें दाबून धरावा, कारण सुस्थितींतील ब्रेकचें बळ इंजिनाहून अधिक असतें. क्रूझचें बटण बंद करावें, आणि गाडी न्यूट्रलमध्यें घ्यावी.

विद्यार्थ्यांनीं यांतून दोन गोष्टी घ्याव्या. पुरावा पाहिल्यावांचून भाग बदलूं नये, ही पहिली. उपकरण गप्प बसलें म्हणून दोष नाहीं असें समजूं नये, ही दुसरी; कारण उपकरणाला जेवढें विचारावयास शिकविलें असेल तेवढेंच तें विचारतें, बाकीचें आपल्या डोळ्यांनींच पाहावें लागतें. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, पुण्याची अगर विजापूरची वाट धरण्यापूर्वीं मुलाला क्षणभर गाडीच्या मागें उभें करावें आणि आपण ब्रेक दाबावा. ‘लागले’ आणि ‘विझले’, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून ऐकावे, व मगच निघावें.